खाडीवरचे पाहुणे: किनाऱ्यावरचे पक्षी पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टपासून मेपर्यंत ठाणे खाडी, उरण, अलिबागजवळचं आक्षी, गोव्यातलं मोरजी अशा ठिकाणी चिखलावर आणि ओल्या वाळूवर दूरदेशीचे पक्षी चरत असतात. काही सैबेरियाच्या टुंड्रातून आलेले, काही तिबेटच्या पठारावरून. रोहितांकडे (फ्लेमिंगोंकडे) सगळ्यांचं लक्ष जातं. प्रश्न मात्र जास्त येतात ते त्यांच्या पायाशी पळणाऱ्या मातकट पाखरांबद्दल. पक्षीनिरीक्षक त्यांना सरसकट ‘वेडर’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

सकाळी किती वाजता पोहोचावं?

आधी भरती पाहा, मग घड्याळ. ओहोटीला चिखलाचा पट्टा एक-दोन किलोमीटर आत जातो आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर आत जातात. तेव्हा काठावरून दिसतात ते नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की तीच कड पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर बसा आणि भरतीनंतर तासभर थांबा. या अवधीत पक्षी आपणहून जवळ येतात, त्यांच्यामागे जावं लागत नाही.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते. शिवाय कोळीवाड्यांतला जुना हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते. पुढे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते हेही लक्षात ठेवा. मुंबई बंदराची वेळ पाहून ऐरोलीला गेलेल्यांचा अंदाज चुकतो तो याच कारणाने.

उधाणाचा दिवस बरा की भांगाचा?

उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भांग अष्टमीच्या आसपास. भांगाच्या दिवसांत पाणी अर्ध्यावर थांबतं. बराचसा चिखल उघडाच राहतो, पक्षी दूरवर चरत राहतात आणि काठावर बसलेल्याच्या हाती फार काही लागत नाही. उधाणाला सगळा चिखल बुडतो, मग हजारो पक्षी एकाच वेळी उठून विसाव्याच्या जागी दाटीवाटीने उतरतात. हे दृश्य एकदा तरी पाहायलाच हवं.

अडचण एवढीच, की मुंबईत ऐन उधाणाची भरती भर दुपारी येते. ऊन डोक्यावर असतं आणि तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असते. त्यातून काढायची वाट म्हणजे द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ-दहाला असते, पाणीही बऱ्यापैकी चढतं आणि ऊन कोवळं असतं. दुपारनंतर जायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमेनंतरची तृतीया ते पंचमी घ्या. निघण्याआधी तक्त्यात भरतीची उंची मीटरमध्ये पाहा, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

पक्षी दिसतात, पण नुसते काळे. दुर्बीण खराब आहे का?

दुर्बीण बहुधा ठीक आहे, तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभे आहात. कोकणच्या खुल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळ चांगली. ठाणे खाडीच्या नवी मुंबईच्या बाजूनेही सकाळीच पाहा. भांडुप-मुलुंडच्या काठावरून खाडी पूर्वेला येते, तिथे दुपारनंतर जा. वेडरांची ओळख पायांच्या रंगावर आणि पाठीच्या पिसांच्या कडांवर चालते. उन्हाविरुद्ध या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

दुर्बीण कोणती घ्यावी? स्कोप लागतोच का?

८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या. १० बाय ४२ चालते, पण वाऱ्यात हात हलतो आणि उडता थवा शोधायला वेळ लागतो. स्कोप म्हणजे तिकाटण्यावर लावून एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण. पहिल्या वर्षी तो नसला तरी भागतं. पुढे ७०-८० मिलिमीटर भिंगाचा, २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप घेतलात तर त्याच्या निम्मा विचार तिकाटण्याचा करा. हलक्या तिकाटण्यावर महागडा स्कोपही थरथरतो. तिकाटणं जमिनीलगत ठेवून बसून पाहिलं की वाराही कमी लागतो आणि पक्षीही कमी बुजतात.

सकाळी दहानंतर ३० पटींच्या वर जाऊ नका. हवेची थरथरही तितक्याच पटींनी मोठी होते.

घरी आल्यावर भिंग कोरड्या फडक्याने पुसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. भिंगावर मीठ आणि वाळू असते, ती फडक्याखाली घासली जाऊन थर ओरबाडला जातो. आधी हवेच्या फुग्याने उडवा. दुर्बीण खरोखर जलरोधक असेल तर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा आणि मगच मऊ कापडाने टिपा. तिकाटण्याचे पाय दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर सांध्यांत मीठ बसून ते अडकतात.

चिखलात उतरून जवळ जाता येईल का?

नका उतरू. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि चार पावलांनी गुडघ्यापर्यंत ओढतो. भरतीचं पाणी सरळ समोरून येतं असंही नाही. आधी ते नाळींतून, म्हणजे चिखलातल्या अरुंद पाणवाटांतून शिरतं आणि पुढे उभ्या माणसाच्या मागची वाट बंद करतं. कालवांचे कठडे पाय कापतात, तीही जखम साधी नसते. बंधारा, जेट्टी, वाळूचा घट्ट पट्टा यांवरूनच पाहा.

तरीही कोणी फसलंच, तर जोर लावून पाय उपटू नये. मागे रेलून वजन पसरावं, एकेक पाय हलवत सैल करून काढावा आणि आल्या वाटेने गुडघ्यांवर परत यावं. गमबूट चिखलातच अडकून राहतात. नाडी घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे.

सगळे सारखेच दिसतात. ओळखायला सुरुवात कुठून करायची?

रंगापासून करू नका. हिवाळ्यात जवळपास सगळेच वरून राखी-तपकिरी आणि खालून पांढरे असतात. आधी आकार, मग चोच, मग पाय आणि शेवटी उडताना पंखांवर काय दिसतं, असा क्रम ठेवा.

तुलनेला एक पक्षी पक्का करा. आपल्याकडे त्यासाठी रेडशँक, म्हणजे लाल पायांचा तुतवार, सोयीचा. तो सगळीकडे असतो, पाय लालभडक आणि उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा. मग बाकीच्यांसाठी विचारा: हा रेडशँकपेक्षा मोठा की लहान?

मोठ्यांत कर्ल्यू आणि व्हिंब्रेल यांच्या चोची खाली वाकलेल्या. कर्ल्यूची चोच डोक्याच्या कितीतरी पट लांब, व्हिंब्रेलची आखूड आणि त्याच्या डोक्यावर गडद पट्टे. व्हिंब्रेल उडताना सात-आठ झटपट शिट्ट्या एका सुरात घालतो, तो आवाज एकदा कानात बसला की डोळ्यांची गरज उरत नाही. गॉडविटांची चोच लांब. काळ्या शेपटीच्या गॉडविटची जवळपास सरळ, पट्टेरी शेपटीच्या गॉडविटची किंचित वर वळलेली. शंका आली तर उडेपर्यंत थांबा. पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा असेल तर काळ्या शेपटीचा, नसेल तर पट्टेरी.

रेडशँकच्या आसपासच्या मापात ग्रीनशँक थोडा मोठा, पाय हिरवट, चोच जाड आणि वर वळलेली. त्याचीच नाजूक आवृत्ती वाटावी असा मार्श सँडपायपर, चोच सुईसारखी. टेरेक सँडपायपर लहान, पाय आखूड पिवळट-नारिंगी, चोच वर वाकलेली, आणि तो वाकून इकडून तिकडे धावत सुटतो. इतकं धावणारं दुसरं कोणी नाही.

लहानांत चिखल्या (प्लोवर) आणि टिलवे (स्टिंट) यांची गल्लत होते. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो, कारण तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो. छोटा टिलवा खाली मान घालून शिवणयंत्रासारखा चिखल टोचत राहतो. त्याचे पाय काळे. पाय पिवळट-हिरवट असतील तर तो टेमिंक्स स्टिंट, आणि तो बहुधा गोड्या पाण्याच्या कडेला भेटतो.

ग्रे प्लोवर उडाला की काखेत काळा डाग दिसतो, पॅसिफिक गोल्डन प्लोवरला तो नसतो. एवढी एक खूण डझनभर चुका वाचवते.

एका दिवसात पाच जाती पक्क्या झाल्या तर दिवस उत्तम गेला. उरलेल्या ‘न ओळखलेला वेडर’ म्हणून लिहा. अंदाजाने नाव देण्यापेक्षा हे खूप बरं.

‘लेसर सँड प्लोवर’ हे नाव आता ॲपमध्ये का सापडत नाही?

त्या एका जातीच्या दोन जाती झाल्या: सैबेरियन सँड प्लोवर आणि तिबेटन सँड प्लोवर. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड या ॲपने हा बदल २०२३ मध्ये स्वीकारला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नेहमी दिसणारा तिबेटन. सैबेरियन नोंदवायचा असेल तर स्पष्ट फोटो आणि कारण हवं. आता खरी परीक्षा ग्रेटर सँड प्लोवरपासून तिबेटनला वेगळं करण्याची आहे. ग्रेटरची चोच लांब आणि भारदस्त, पाय लांब, फिके, हिरवटसर, आणि उडताना पावलं शेपटीच्या बाहेर डोकावतात. दोघे शेजारी उभे असताना सोपं, एकटा असेल तर अवघड.

हजारोंचा थवा मोजायचा कसा?

दहा पक्षी एकेक करून मोजा. ते दुर्बिणीत किती जागा घेतात ते डोळ्यात धरा आणि तेवढ्या ठोकळ्यांनी पुढे सरका. मोठ्या थव्यासाठी असेच शंभराचे ठोकळे करा. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. नवखे जवळजवळ नेहमी कमी मोजतात, कारण दाटीत मागचे पक्षी पुढच्यांमागे झाकले जातात. थवा बसलेला असताना एकदा आणि उडाल्यावर फोटो काढून पुन्हा मोजला तर आपली चूक किती होते ते कळतं. मोजण्यासाठी थवा मुद्दाम उडवू मात्र नका.

आधी एकूण संख्या घ्या. नंतर शंभर-दोनशे पक्ष्यांचा नमुना जातीनुसार मोजून त्या प्रमाणात वाटणी करा. ईबर्डवर आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाकण्याची सोय आहे, पण वेडरांच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य. ‘सुमारे ४००’ हाही आकडाच आहे, तो लिहा. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत अशाच आकड्यांतून वर्षांची तुलना होते.

पायात संशोधकांनी लावलेली रंगीत पट्टी दिसली. काय लिहून घ्यायचं?

जात, तारीख, वेळ, नेमकी जागा. पट्टी पक्ष्याच्या स्वतःच्या डाव्या पायात की उजव्या, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम कोणता, पट्टीवर अक्षरं-अंक कोणते, दुसऱ्या पायात धातूचं कडं आहे का. फोटो धूसर असला तरी ठेवा. जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने भरलेलं एक अक्षर दुसऱ्याच पक्ष्याची कुंडली बिघडवतं.

रंगांना अर्थ असतो. पूर्व आशियाच्या हवाईमार्गावर पिवळी पट्टी वायव्य ऑस्ट्रेलियाची, नारिंगी व्हिक्टोरियाची, काळी आणि पांढरी अशी जोडी चीनमधल्या चोंगमिंग दोंगतानची. भारतात अशी नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, म्हणजे बीएनएचएसला कळवा. जिवंत पक्ष्याच्या पायातलं कडं कधीही काढू नका.

एका पट्टीतून काय हाती येतं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘बी ९५’ हा रेड नॉट जातीचा वेडर. १९९५ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला त्याच्या पायात कडं घातलं गेलं आणि २०१४ पर्यंत तो दिसत राहिला. तोवर त्याचा एकूण प्रवास पृथ्वी ते चंद्र या अंतराच्याही पुढे गेला होता. हे कळलं ते किनाऱ्यावर बसून अक्षरं नीट वाचणाऱ्यांमुळे.

न थांबता महासागर ओलांडणारा गॉडविट: बातमी खरी आहे का?

खरी. पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट, अवघ्या पाच महिन्यांचा, १३ ऑक्टोबर २०२२ ला अलास्काहून निघाला आणि टास्मानियात उतरला. उपग्रह ट्रान्समीटरने नोंदवलेलं अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ ११ दिवस. वाटेत खाणं नाही, पाणी नाही, विसावा नाही. गॉडविट पाण्यावर बसू शकत नाही, पिसं भिजली की संपलं.

हे जमतं कसं? निघण्याआधी तो इतका खातो की शरीराचं निम्म्याहून जास्त वजन चरबीचं होतं. मग आतडी, जठर, यकृत यांसारखे प्रवासात बिनकामाचे अवयव आक्रसतात. निघतोही तो वादळाच्या मागच्या बाजूचा, पाठीवर येणारा वारा साधून.

आपल्या किनाऱ्यावर येणारे पट्टेरी शेपटीचे गॉडविट त्या अलास्काच्या गटातले नाहीत. ते सैबेरियाच्या बाजूने येतात. चरबी साठवण्याचा नियम मात्र सगळ्यांना सारखाच, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

किती जवळ गेलेलं चालतं?

मीटरमध्ये आकडा सांगता येत नाही, पक्षी सांगतात. चरणं थांबवून माना वर आल्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला झाली, पावलं तुमच्यापासून दूर पडू लागली, की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. दोन-चार पावलं मागे या आणि खाली बसा.

मार्च-एप्रिलमध्ये ही काळजी दुप्पट घ्या. त्या आठवड्यांत पक्षी सैबेरियापर्यंतचं इंधन भरत असतात. भरतीच्या विसाव्यात थवा पुन्हा पुन्हा उडवला तर कमावलेली चरबी जागच्या जागी जळते. छायाचित्रासाठी थव्याकडे धावणं, ड्रोन उडवणं, किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडणं हे तिन्ही प्रकार थांबायलाच हवेत. उडणाऱ्या थव्याचा चांगला फोटो हवा असेल तर शटर १/२००० ठेवून चढत्या पाण्याची वाट पाहा. पाणी त्यांना उठवतंच.

पावसाळ्यात काहीच नसतं का?

असतं. पहिल्या वर्षाची बरीच पिल्लं उत्तरेला न जाता इथेच थांबतात. जुलैअखेरीपासून प्रौढ परतू लागतात, अंगावर विणीच्या रंगाचे तुकडे घेऊन. सप्टेंबरमध्ये त्या वर्षीची पिल्लं येतात, आईबापांशिवाय, पहिल्यांदाच. वेडर शिकायला हाच काळ सगळ्यांत चांगला.

मेलेला पक्षी सापडला तर?

हात लावू नका. एच५एन१ बर्ड फ्लू गेल्या काही वर्षांत रानपक्ष्यांत जगभर पसरला आहे. २०२२ च्या अखेरीस पेरूच्या किनाऱ्यावर हजारो पेलिकन मेले आणि २०२४ च्या सुरुवातीला विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही सापडला. दुरून फोटो घ्या, जागा टिपा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेले असतील तर त्याच दिवशी कळवा. नंतर बुटांचे तळवे साबणाच्या पाण्याने धुवा, आणि घरी कोंबड्या असतील तर ते बूट खुराड्याजवळ नेऊ नका.

वेडर धोक्यात आहेत असं म्हणतात. आपल्याकडे तर ढिगाने दिसतात?

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या ऑक्टोबर २०२४ च्या लाल यादीत ग्रे प्लोवर, कर्ल्यू सँडपायपर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर ‘असुरक्षित’ गटात गेले. टर्नस्टोन आणि डनलिन ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’. हे पाचही आपल्या किनाऱ्यावर येतात. वर्षभरातच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू नामशेष घोषित झाला. त्याची शेवटची खात्रीची नोंद फेब्रुवारी १९९५ ची, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणातली. त्यानंतर तीस वर्षं लोक शोधत राहिले.

ढीग दिसतो, कारण भरतीच्या वेळी सगळे एका जागी गोळा होतात. दक्षिण कोरियात सेमानगम इथे ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये समुद्र अडवला गेला आणि चिखलाचा प्रचंड पट्टा संपला. तिथे थांबणारे ग्रेट नॉट जातीचे वेडर शेजारच्या खाडीत जाऊन नीट राहिले असं झालं नाही, त्यांची संख्या घसरली. शेजारची खाडी आधीच भरलेली असते.

परदेशात राहणाऱ्यांनी कुठे जावं?

ओमानमध्ये असाल तर बर्र अल हिकमान, मसिरा बेटासमोर. हिवाळ्यात तिथे पाच लाखांच्या आसपास वेडर असतात आणि खेकडे फोडून खाणारा काळा-पांढरा क्रॅब प्लोवर थव्यांनी दिसतो. तिथल्या खाऱ्या सपाटीवर वरची पपडी कोरडी आणि खाली चिखल असतो. गाडी मळलेल्या चाकोरीबाहेर काढू नका आणि एकट्या गाडीने जाऊ नका. दुबईत रास अल खोरची निरीक्षण-घरं शहरातच आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मे महिन्यात डेलावेअर उपसागर गाठा: अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वाळूवर येतात आणि ती अंडी खाऊन रेड नॉट पुढच्या टप्प्याचं वजन कमावतात. त्या काळात काही किनारे माणसांसाठी बंद असतात, पाहायचं ते ठरवून दिलेल्या जागांवरून. ऑस्ट्रेलियात ब्रूमचा रोबक बे. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी थवे आवाज करत उत्तरेकडे निघताना दिसतात.

भरतीला पक्षी जातात त्या जागा अभयारण्यात येतात का?

बऱ्याचशा येत नाहीत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. पण चिखल बुडाल्यावर पक्षी जिथे बसतात ती मिठागरं, बंधाऱ्याआडची तळी, उरण-नेरुळकडची पाणथळ बऱ्याच अंशी त्या हद्दीबाहेर आहेत. चरायची जागा राखली आणि विसाव्याची भरून टाकली, तर रोजच्या दोन भरत्यांना हे पक्षी उतरणार कुठे? भराव, भिंती, विजेच्या तारा अशा जागांवर पडतात तेव्हा कागदावर तिथे ‘पक्षी नाहीत’ असं असतं. कारण सर्वेक्षण ओहोटीच्या वेळी झालेलं असतं.

म्हणून तुमच्या घराजवळ असं एखादं तळं असेल तर ऑक्टोबर ते एप्रिल महिन्यातून दोनदा, उधाणाच्या दिवसांत, भरतीच्या तासाभरात तिथे उभे राहा. दर वेळी त्याच जागेवरून अर्धा तास मोजा. यादी ईबर्डवर ‘पूर्ण’ म्हणून, म्हणजे ओळखलेली एकही जात न वगळता भरा. टिपणात भरतीची वेळ आणि उंची, पाण्याची पातळी, भरतीचं पाणी आत येणारी नाळ उघडी की बंद, हे चार मुद्दे लिहा. नाळ बुजली की तळं आधी आटतं किंवा शेवाळतं, आणि पक्षी त्यानंतर सोडून जातात. बुजलेल्या नाळीचा तारखेसह फोटो वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लगेच पाठवा. त्या टप्प्यावर ती पुन्हा उघडता येते.